रक्ताचा दाखला

१

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मी एक यादी लावली. सिकलसेल तपासणी शिबिराच्या निकालाची ती यादी होती. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून ते शिबिर मीच भरवले होते. नागपूर जिल्ह्यातले आमचे तालुक्याचे गाव. विद्यार्थी बहुतेक बौद्ध, आदिवासी, तेली आणि कुणबी घरांतले. तीनशेच्या वर मुलामुलींनी रक्त दिले. नाव, वर्ग आणि पुढे निकाल, एए, एएस किंवा एसएस. परीक्षेचा निकाल लावतात तशी ती यादी मी चार टाचण्यांनी फलकावर ठोकली आणि कार्यक्रमाचा अहवाल लिहायला बसलो.

यादीत पहिले नाव माझे होते. मुलांची भीती मोडावी म्हणून रक्त मी आधी दिले होते. माझ्या नावापुढे एएस लिहिलेले होते.

पाच-सहा दिवसांनी बी. ए. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिची सोयरिक ठरली होती. मुलाकडच्या कुणीतरी त्या फलकाचा फोटो मोबाईलवर काढला, तो चार घरी फिरला आणि सोयरिक मोडली. तिच्या नावापुढेही एएस होते. मुलाचे रक्त मात्र कुणी तपासलेच नव्हते. ती रडली नाही. सरळ उभी राहून म्हणाली, "सर, शिबिरात तुम्हीच सांगितलं ना, वाहक म्हणजे आजारी नसते म्हणून? मग आमचं नाव भिंतीवर कायले लावलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. यादी मी त्याच दिवशी काढली. पण फोटो काही परत येणार नव्हते. तिचा आणि माझा निकाल एकच होता. मला मात्र कुणी काही विचारले नाही. शिक्षकांच्या खोलीत एकदोघे हसून "सर, तुम्हीपण का?" एवढे म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. मी पुरुष, नोकरीत कायम, लग्न झालेला. रक्तातला एक बदल दोघांच्या अंगात सारखाच होता. त्याची किंमत तेवढी तिला द्यावी लागली.

हा लेख त्या मुलीच्या प्रश्नातून लिहिला आहे. तपासणी वाईट आहे असे मला सांगायचे नाही. तपासणी झाली नाही म्हणून आमच्या घरातले एक मूल गेले आहे, तेही पुढे सांगणार आहे. परंतु माणसाच्या रक्तातली गोष्ट उघड करणारी चाचणी जेव्हा जातीच्या समाजात येते, तेव्हा तिचा निकाल कुणाच्या हाती पडतो, हा प्रश्न रोगाइतकाच महत्त्वाचा होतो. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी तो आधी विचारला पाहिजे. मी तो नंतर विचारला.

२

मी समाजशास्त्र शिकवतो. विज्ञानाचा माणूस नाही. यादी काढल्यानंतर जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते साध्या शब्दांत मांडतो. वस्तीत समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्याला एवढे माहीत असणे आवश्यक आहे.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका साखळीत १४६ ॲमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. हा रोग हिमोग्लोबिनच्या रेणूतील फरकामुळे होतो, हे १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. फरक एकाच ॲमिनो आम्लाचा आहे, हे १९५६-५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिद्ध केले. एवढ्याशा बदलाने प्राणवायू सुटताच पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची पेशी दहा ते वीस दिवसांत मरते. म्हणून रक्त कमी पडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे, छाती आणि पोटात असह्य वेदना होतात. पानथरी निकामी होते, आणि लहान मुले साध्या जंतुसंसर्गाने दगावतात.

हे जनुक प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीचे असले तर एए. एक नेहमीचा आणि एक बदललेला असला तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेले असले तर एसएस, म्हणजे रोगी. वाहकाला रोग नसतो, औषध लागत नाही. तो शेतात, कारखान्यात, पोलिसात, कुठेही इतरांसारखे काम करतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, चारात दोन एएसची आणि चारात एक एएची असते. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. "पहिलं पोर आजारी निघालं, आता पुढचे तीन चांगले," असे मी स्वतः वस्तीत ऐकले आहे. तसे नसते. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते, आधी काय पडले ते त्याला आठवत नाही.

तपासणीतही एक खाच आहे. शिबिरात प्रथम जी सोपी चाचणी करतात, तिला विद्राव्यता चाचणी म्हणतात. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच ती सांगते. माणूस वाहक आहे की रोगी, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी करावी लागते. पहिल्या चाचणीवरून घाबरवून सोडलेली आणि दुसऱ्या चाचणीपर्यंत कधीच न पोचलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. या चाचण्या हिमोग्लोबिनच्या आहेत, थेट डीएनएच्या नाहीत. पण त्या जे सांगतात ते जनुकाविषयीच असते. म्हणूनच मधुमेहाच्या किंवा कावीळच्या तपासणीहून त्या वेगळ्या आहेत. माझा साखरेचा अहवाल फक्त माझा असतो. माझा सिकलसेलचा अहवाल माझ्या आईविषयी, वडिलांविषयी, भावंडांविषयी आणि माझ्या मुलीविषयीही काही सांगून जातो, त्यांना न विचारता.

३

माझा धाकटा भाऊ २००१ साली गेला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. थंडी पडली की त्याचे हातपाय सुजायचे, आणि तो रात्रभर ओरडायचा. वस्तीत त्याला वात म्हणत. माय रात्रभर त्याचे पाय चेपत बसायची. बाबा वीटभट्टीवर कामाला होते. पैसे असले की गावातला डॉक्टर सुई टोचायचा, नसले की मीठ-पाण्याचा शेक. शेवटच्या वेळी ताप आला तो दोन दिवसांत त्याला घेऊनच गेला. त्याच्या आजाराचे निदान कधी झालेच नाही. मागच्या वर्षी माझा अहवाल आल्यानंतर मी डॉक्टरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "बहुतेक तेच असणार."

आता या तारखा पाहा. अशा मुलांना लहानपणापासून रोज पेनिसिलिन दिले तर जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळतात, हे अमेरिकेत १९८६ साली सिद्ध झाले होते. हायड्रॉक्सियुरिआ या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली सिद्ध झाले होते. पेनिसिलिन काही श्रीमंतांचे औषध नव्हे. माझा भाऊ गेला तेव्हा औषध जगात होते. आमच्या वस्तीपर्यंत आले नव्हते ते निदान. आणि या भागात सिकलसेल आहे हेही कुणाला नवे नव्हते. १९५८ साली, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा आपला लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापला होता. विलायतेतल्या डॉक्टरांना जे १९५८ साली वाचता आले, ते माझ्या मायला २००१ साली कुणी सांगितले नव्हते. तपासणीचे खरे मोल मला इथे दिसते. जन्मतःच तपासले गेलेले मूल जगू शकते.

माझा अहवाल घेऊन मी मायजवळ बसलो. तिला सगळे समजावून सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजे माह्या रक्तानंच गेला का तो?"

भाऊ गेला तेव्हा आजी आणि वस्तीतल्या बाया तिलाच बोलल्या होत्या. तुझ्या दुधातच कस नाही, म्हणाल्या होत्या. चोवीस वर्षे तिने ते पोटात ठेवले होते. मी म्हणालो, "एकट्या तुह्या नाही, माय. बाबाकडूनही यावं लागते. दोघांकडून आलं तरच असं होते. अन् यात चूक कोणाचीच नसते."

ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "तुहे बाबा हे माहीत नसतानाच गेले, बरं झालं."

तुझेही रक्त तपासून घेऊ, असे मी म्हटले. तिने मान हलवली. "मले जे समजाचं होतं ते समजलं. आता कागद कायले पाहिजे?"

एखादी गोष्ट जाणून घेण्याचा हक्क आपण मोर्चे काढून मागतो. न जाणण्याचाही माणसाला हक्क असतो, हे मला त्या दिवशी मायने शिकवले. तिचा आधीचा भार या ज्ञानाने अर्धा उतरला, आणि त्याच ज्ञानाने दुसरा एक चढवला. शिबिरात रक्त घेणाऱ्याला हे दोन्ही दिसले पाहिजे. (हा प्रसंग लिहू का, असे मी तिला विचारले. "लिही," म्हणाली.)

माझ्या बायकोला तर माझा निकाल माझ्या तोंडून कळलाच नाही. माझ्याच यादीचा फोटो फिरत फिरत तिच्या मोबाईलवर पोचला. सायंकाळी ती एवढेच म्हणाली, "मले आधी सांगाचं असते." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन रक्त दिले. ती एए निघाली. म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या मुलीला हा रोग होणे शक्य नाही. ती फार तर वाहक असेल. ते आम्ही तपासलेले नाही. ती मोठी होईल, तेव्हा तिची ती ठरवील.

४

पँथर हे नाव आपण जिथून घेतले, तिथे हा प्रश्न आपल्याआधी येऊन गेला आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांत सिकलसेल पुष्कळ. आणि गोऱ्यांच्या वैद्यकाने त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले. १९७१ साली ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःची मोफत तपासणी मोहीम सुरू केली. आमच्या माणसांचा रोग तुम्ही पाहत नाही, तर आम्ही पाहू, ही त्यामागची भूमिका होती. त्या दबावातून सरकारही हलले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली.

परंतु दरम्यान अनेक राज्यांनी आपापले कायदे घाईने केले होते. १९७१ साली मॅसॅच्युसेट्सने सुरुवात केली. काही कायद्यांनी तपासणी सक्तीची केली. काहींनी वाहक आणि रोगी यांतला फरकच केला नाही. समुपदेशनाची सोय नव्हती, गुप्ततेची हमी नव्हती. परिणाम असा झाला की पूर्ण निरोगी काळ्या माणसांना विम्याचा हप्ता वाढवून मागितला गेला, काहींना नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकेच्या वायुसेनेच्या अकादमीचे दार तर वाहकांना १९८१ सालापर्यंत बंद होते. स्वाभिमानातून मागितलेली तपासणी सत्तेच्या हाती गेली, आणि तिचे हत्यार झाले.

ज्या पॉलिंगने या रोगाचे मूळ शोधले, दोन नोबेल पारितोषिके ज्याला मिळाली, त्यानेच १९६८ साली सुचवले होते की, प्रत्येक तरुण वाहकाच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू वाईट नव्हता. मुलांच्या वेदना टळाव्यात, हाच होता. पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधला गेला, त्यांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि मी सूचनाफलकावर जी यादी ठोकली, ती याहून वेगळी काय होती? माझाही हेतू वाईट नव्हता.

ग्रीसमधले ऑर्कोमेनोस हे गाव आपल्याला आणखी जवळचे आहे. तिथेही सिकलसेल होता आणि लग्ने घरची माणसे जुळवत. संशोधकांनी गावाची तपासणी केली, लोकांना सल्ला दिला, आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिले. १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाहकांना लग्नाच्या बाजारात कमीपणा आला होता. म्हणून पुष्कळांनी आपला निकाल लपवला होता. आणि दोन वाहकांची लग्ने तपासणी झालीच नसती तर जेवढी झाली असती, तेवढीच झाली होती. कलंक तेवढा मागे राहिला.

याउलट सायप्रसचे उदाहरण घ्या. तिथे थॅलेसेमिया हा असाच आनुवंशिक रक्तरोग फार होता. आधी रोगी मुलांच्या उपचारांची सोय झाली. पुढे लग्नापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र चर्चकडे देण्याची पद्धत आली. या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसतो. या व्यक्तीची तपासणी झाली आहे, आणि तिला सल्ला मिळाला आहे, एवढेच त्यात असते. निकाल त्या दोघांपाशी राहतो, आणि लग्न करायचे की नाही ते तेच ठरवतात. वाहक-वाहक जोडपी लग्न करतात. गरोदरपणात चाचणी करून पुढचा निर्णय घेतात. तिथे थॅलेसेमियाची मुले जन्मण्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. चाचणी सगळीकडे सारखीच होती. निकालाचा कागद कुणाच्या हाती राहिला, यात फरक होता.

५

आता आपल्याकडे या. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. आदिवासीबहुल भागांवर भर देऊन चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ सालापर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते. हे काम आवश्यक आहे. ते पन्नास वर्षे उशिरा सुरू झाले, एवढीच माझी तक्रार. पण 'लग्नाआधी कुंडली नको, कार्ड जुळवा' असे जेव्हा आपलेच कार्यकर्ते भाषणात सांगतात, तेव्हा मी थबकतो. पत्रिका आपण नाकारली ती ग्रह खोटे होते एवढ्यासाठीच नव्हे. जन्माच्या वेळी लिहिलेल्या कागदावरून माणसाची लायकी ठरवणे आपण नाकारले. कार्डावर लिहिलेले खरे आहे, ग्रहांचे खोटे होते, हा फरक मोठाच. तरी मुलीचे कार्ड मागायचे, आणि मुलाचे रक्तसुद्धा तपासायचे नाही, ही रीत जुन्या पत्रिकेचीच आहे. एएस मुलीला एए नवरा मिळाला तर त्यांच्या एकाही मुलाला हा रोग होत नाही. माझे घरच त्याचे उदाहरण आहे. त्या मोडलेल्या सोयरिकीत मुलाचे रक्त तपासले असते तर कदाचित नाकारण्याचे कारणच उरले नसते.

दुसरा धोका जातीचा आहे. 'हा अमक्यांचा रोग' असे बोलले जाऊ लागले आहे. विज्ञान काय सांगते? हा बदल आफ्रिकेत आहे, ग्रीस आणि सिसिलीत आहे, अरबस्तानात आहे. १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे जिथे मलेरियाने माणसे मरत, तिथे याच जनुकाने माणसे जगवली. विदर्भात तो गोंडांत आहे, बौद्धांत आहे, कमी प्रमाणात कुणबी आणि तेल्यांतही आहे. तो जंगल-पाण्याचा इतिहास सांगतो; कुणाच्या उच्चनीचतेविषयी तो काही सांगत नाही.

मोजमाप घेऊन जात सिद्ध करण्याचा खेळ इथे जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाके मोजून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात नाकांचीच मोजमापे तपासून वंशसिद्धान्ताचा पाया उखडला. शास्त्राला घाबरून त्यांनी ते टाकून दिले नाही. हातात घेतले, आणि त्यातले खरे-खोटे निवडले. जनुकांच्या बाबतीत आपल्याला तेच करावे लागेल.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले होते की, जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आता थोडे गणित करू. समजा एखाद्या समाजात शंभरात वीस वाहक आहेत आणि लग्ने त्याच समाजात होतात. तर शंभर जोडप्यांत साधारण चार जोडपी वाहक-वाहक असतील आणि जन्मणाऱ्या शंभर मुलांत एक एसएस असेल. याच माणसांनी वाहक नसलेल्या समाजांत लग्ने केली, तर त्या पिढीत एसएस मूल जन्मणारच नाही. बदल निसर्गाने केला. त्याला कुंपणात कोंडून घट्ट केले ते जातीने. आपल्यापुरते पाहायचे तर बौद्ध झाल्यानंतरही पोटजाती पाहून सोयरिकी करणारे आपणही त्या कुंपणाला टेकू देतो. मात्र यातून 'रक्त सुधारण्यासाठी आंतरजातीय लग्ने करा' असा निष्कर्ष कुणी काढू नये. ती भाषा वंशशुद्धीवाल्यांची आहे. जात मोडायची ती माणूस म्हणून. रोग कमी होईल हा त्याचा एक अधिकचा लाभ.

६

हा प्रश्न सिकलसेलपुरता राहणार नाही. आता थुंकी पाठवा आणि भविष्यातले रोग जाणून घ्या, अशा जाहिराती मध्यमवर्गापर्यंत आल्या आहेत. काही चाचण्या खरोखर उपयोगी आहेत. एखाद्या घरात स्तनाचा कर्करोग पिढ्यानपिढ्या येत असेल, तर बीआरसीए जनुकाची चाचणी जीव वाचवू शकते. पण हृदयरोग, मधुमेह यांसारख्या रोगांत अनेक जनुके आणि त्यांहून जास्त माणसाचे खाणे, काम, झोप, हवा-पाणी यांचा वाटा असतो. तिथे चाचणी फक्त शक्यता सांगते. तीसुद्धा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासावरून. आपल्या लोकांना ती तितकी नीट लागू पडत नाही. शिवाय माहिती कुठे जाते? अमेरिकेतील 'ट्वेन्टीथ्री अँड मी' या कंपनीकडून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले होते. त्यावर न विचारता मनोविकारांचे आणि त्यांच्या मूळ स्थानाचेही संशोधन झाले. ते लढले, आणि २०१० साली तडजोडीत आपले रक्ताचे नमुने परत घेतले.

अमेरिकेत २००८ सालापासून आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकांवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी आहे. आयुर्विमा मात्र त्यात येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली आनुवंशिक विकारांना सरसकट वगळणारे विम्याचे कलम घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाविरुद्ध ठरवले, एवढा एक आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलच्या रोग्यांचा समावेश झाला. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांसाठी, चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असल्यास, ते पात्र ठरतात. पण नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत रक्तविकार नाहीत. वेदनेने महिन्यातले आठ दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या तरुणाला शिकण्याचा दाखला मिळतो, पोटाचा मिळत नाही. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, जनुकात बदल करणाऱ्या उपचाराची किंमत तिथे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. आपल्या वस्तीला आज हवी आहे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला न चुकता मिळणारी हायड्रॉक्सियुरिआची गोळी.

म्हणून कार्यकर्त्यांनी शिबिराला हो म्हणण्यापूर्वी काही गोष्टी ठणकावून विचाराव्यात. रक्त घेण्याआधी निकालाचा अर्थ माणसाच्या भाषेत समजावला जाणार आहे का? नाही म्हणण्याची मोकळीक आहे का? निकाल बंद पाकिटात, एकट्याला, समजावून सांगणाऱ्या माणसासह मिळणार आहे का? दुसरी, पक्की चाचणी होणार आहे का, आणि कधी? एसएस निघालेल्यांची औषधे, लसी, रक्त यांची जबाबदारी कुणाची? उरलेले रक्त आणि माहिती कुठे जाणार? मुलगे तपासले जाणार आहेत का, की फक्त मुली आणि गरोदर बायाच? याची उत्तरे नसतील तर ती तपासणी नव्हे, शिरगणती आहे. आपली शिरगणती पुष्कळ झाली आहे.

या वर्षी आम्ही पुन्हा शिबिर घेतले. आधी दोन दिवस वर्गावर्गांत समजावले. निकाल पाकिटांत दिले. एक महिला समुपदेशक दिवसभर बसून होत्या. मुलांच्या पालकांनाही बोलावले, थोडेच आले. चाळीसेक विद्यार्थ्यांनी तपासायला नकार दिला. त्यांची नावे मी कुठेही लिहून ठेवलेली नाहीत. ती मुलगी या शिबिराला आली नाही. मीही तिला बोलावले नाही. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसते.

जातीचा दाखला आपण कचेरीत रांगा लावून मिळवतो, कारण त्यामागे एक हक्क उभा आहे. रक्ताचा दाखलाही घ्यावा, तो याच अटीवर. त्यामागे उपचाराचा हक्क हवा, आणि तो कुणाला दाखवायचा, कुणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचे रक्त आहे त्याच्याकडेच हवा. तेवढे नसेल, तर त्या मुलीचा प्रश्न भिंतीवर तसाच लटकत राहील, आणि त्याचे उत्तर आपल्या प्रत्येकाला द्यावे लागेल.